एका सहीत करमाफी? मेसेजमधला एकेक मुद्दा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, आणि बहुधा तुमच्याही, एक मेसेज फिरतोय. ‘पुणेकरांची मिळकतकरातली 1970 पासूनची 40 टक्के सवलत नगरसेवकांनी खाल्ली. आता प्रभागातल्या ताई समान कराच्या नावाखाली पेन्शनरांना पिळणार. मनात आणलं तर मुंबईसारखी 500 फुटांपर्यंतची घरं त्या एका सहीत करमुक्त करतील. तोवर बिल भरू नका.’ ताई म्हणजे आमच्या प्रभागाच्या नगरसेविका. त्यांना मी मत दिलेलं नाही. तरी एकेक मुद्दा घेतो.

सवलत खाल्ली म्हणे. स्वतः राहता त्या घराला 40 टक्के सूट हा महापालिकेचाच 1970 चा ठराव. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य सरकारच्या आदेशानं 2019 मध्ये ती बंद झाली. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानंच परत दिली. तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हतेच, मार्च 2022 पासून प्रशासक होते. म्हणजे घालवलीही त्यांनी नाही आणि आणलीही त्यांनी नाही, चौकातले फ्लेक्स काहीही म्हणोत.

आजही कुणाची सवलत अडते ती बहुतेक पीटी-3 अर्जापाशी. 2019 नंतर आकारणी झालेल्या किंवा तपासणीत सवलत निघालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही. तिथं स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून अर्ज करावा लागतो. ताईंनी आमच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून हेच अर्ज भरून घेतले. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना बिलाच्या पाठीवर पेननं हिशेब मांडून दाखवला: समजा पालिकेनं घराचं अंदाजे वार्षिक भाडं 24,000 धरलंय. 40 टक्के गेले की 14,400, त्यातून देखभालीचे 10 टक्के गेले की 12,960. कर यावर. अर्ज नसेल तर 21,600 वर. आजोबा म्हणाले, ‘हे आधी कोणी सांगितलं नाही,’ आणि खिशातून मतदार ओळखपत्र काढलं.

पेन्शनरांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे घराची करपात्र रक्कम पहिल्या आकारणीच्या वेळच्या भाडेदरावर ठरते आणि बहुधा तिथंच थांबते. त्यामुळे एकाच गल्लीत, तेवढ्याच चौरस फुटांच्या 1985 सालच्या फ्लॅटचं बिल किरकोळ आणि समोरच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटचं कितीतरी पट. रस्ता तोच, कचऱ्याची गाडीही तीच. सारख्या घरांना समान कर हवा म्हणणाऱ्या ताईंची पहिली मागणी एवढीच आहे की आकारणीचा दर आणि वर्ष प्रत्येकाच्या बिलावर छापा. यात पिळण्यासारखं काही नाही. पण पुढचा प्रश्न आहेच. पालिकेचं उत्पन्न घटवायचं नसेल, तर नव्या घरांचं बिल कमी करताना जुन्या घरांचं, म्हणजे बहुतेक पेन्शनरांचं, थोडं वाढणार. किती आणि किती वर्षांत, याचं स्वच्छ उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. मेसेजवाल्यांनी हा प्रश्न धरला असता तर मीही त्यांना साथ दिली असती.

एका सहीचं म्हणाल तर नगरसेवकाची सही कराच्या दरावर चालतच नाही. दर स्थायी समितीकडून मुख्य सभेत येतो आणि 20 फेब्रुवारीच्या आत सभा तो ठरवते. तिथं ताईंचं मत एकच. शिवाय मुंबईची 500 फुटांची माफी राज्य सरकारनं 2022 मध्ये दिली, तीही मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याखाली. पुणे चालतं 1949 च्या कायद्यावर. बिलातला शिक्षण कर तर राज्याचाच. पालिका फक्त गोळा करून देते.

‘बिल भरू नका’ हा सगळ्यात महागडा सल्ला. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24. आकारणी पटत नसेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोचवर शिक्का आणि तारीख आहे ना, ते खिडकीसमोरून हलण्याआधी बघा.