वाचनालयाचा इतिहास दाखल नोंदवहीत असतो

शतकमहोत्सवी स्मरणिका काढायची ठरली की जुन्या फोटोंची शोधाशोध सुरू होते. अध्यक्षांची यादी, पायाभरणी, पाहुण्यांची भाषणं, झाला इतिहास! रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, कोल्हापूरचं १८५० चं. एवढी जुनी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात गावानं काय वाचलं हे कुणी लिहीत नाही, याचं वाईट वाटतं.

ते दाखल नोंदवहीत असतं. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची तिथे एक ओळ: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, खरेदी की भेट. शेवटी शेरा: 'गहाळ', 'जीर्ण', 'बाद'. दहा वर्षांची पानं सलग वाचा. नाटकं कधी वाढली, कुठल्या वर्षी खरेदीच नाही, कुणाचा अख्खा संग्रह एका तारखेला भेट आला, सगळं दिसतं. एका पुस्तकाच्या तीन प्रती आणि तिन्हींपुढे 'जीर्ण' असेल, तर ते किती हातांतून फिरलं हे वेगळं सांगायला नको.

घोळ होतो तो संगणकीकरणात. कपाटात सापडतं तेवढंच सॉफ्टवेअरमध्ये चढतं; हरवलेलं, बाद झालेलं चढतच नाही. त्यात नवे क्रमांक दिले की जुन्या वहीशी दुवा तुटतो. मग 'सगळं कॉम्प्युटरवर आहे' म्हणून वही रद्दीत जाते. जुना दाखल क्रमांक वेगळ्या रकान्यात घ्यायलाच हवा, आणि बाद पुस्तकांच्या ओळीही चढवायला हव्यात.

यात सेवकांना बोल लावू नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. वर्गणी आणि अनुदान, त्यातच पगार, त्यातच पुस्तकं.

वही वाचवायला मात्र फार पैसे लागत नाहीत. मऊ ब्रशनं धूळ काढा. वही पूर्ण सपाट उघडून दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी केलेली चादर द्या. मोबाईल स्टँडवर लावून खिडकीच्या उजेडात वरून फोटो घ्या, फ्लॅश नको. कोरी पानं आणि पुठ्ठेही घ्या. फाइलला वही क्रमांक आणि पान क्रमांक हेच नाव द्या. दोन प्रती ठेवा, एक इमारतीबाहेर.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. जपानी टिश्यू, म्हणजे दुरुस्तीसाठीचा पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. कोकणात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि जमिनीलगतच्या कप्प्यात वह्या ठेवू नका. ओल आणि वाळवी आधी तिथेच पोचते.