पोर शाळेबाहेर, पण नियमात

समजा, उद्या अख्ख्या देशाचं शिक्षणखातं तुमच्या हाती आलं. 'एकही मूल शिक्षणावाचून राहणार नाही' असं तुम्ही भाषणात बोलून बसलात आणि खरोखरच सगळी मुलं दारात येऊन उभी राहिली. घाबरू नका. इंग्लंडने शंभरेक वर्षं खपून यावर उत्तम तोडगे काढून ठेवलेत. उचला बिनधास्त.

सुरुवात अनुदानापासून करा. १८६२ पासून तिकडे शाळेच्या अनुदानातला मोठा हिस्सा इन्स्पेक्टरसमोर किती पोरं वाचन, लेखन, गणितात पास होतात यावर ठरायचा. मग सावकाश शिकणारं पोर मास्तरांनाच नकोसं होतं. वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

नंतर कायदा करा, पण बेताने. १८९९ च्या कायद्याने मतिमंद आणि अपस्मार असलेल्या मुलांसाठी वर्ग काढायची स्थानिक मंडळांना मुभा दिली. मुभा, बरं का! मतिमंदांच्या बाबतीत तिची सक्ती व्हायला १९१४ साल उजाडलं. तेवढ्यात मुलांची एक आख्खी फळी शाळेच्या वयातून बाहेर पडते.

उरलेल्यांचे कप्पे पाडा. १९४५ मध्ये साहेबांनी ११ पाडले. अंध, अंशतः अंध, बहिरे, अंशतः बहिरे असं करत मधुमेही मुलांनाही वेगळा कप्पा मिळाला. 'शैक्षणिकदृष्ट्या न्यून' हा कप्पा मात्र ऐसपैस ठेवा. कॅरिबियन बेटांवरून लंडनला आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे संख्येच्या मानाने भलतीच जास्त निघाली. १९७१ साली एका शिक्षकाने पुस्तिका काढून त्याचा बोभाटा केला. असले शिक्षक वेळीच हेरून ठेवावेत.

आता हुकमाचा एक्का. १९४४ चा शिक्षण कायदा, कलम ५७. सरकारी डॉक्टरने पोराला तपासायचं, बुद्ध्यांक फार खाली निघाला की 'शाळेत शिकण्यास असमर्थ' असा शेरा मारायचा आणि कागद दुसऱ्या खात्याकडे सरकवायचा. तिथून पुढे ते पोर तुमच्या हजेरीपटावर नाही, की अंदाजपत्रकात नाही. सर्वांना शिक्षण देणं तेव्हाच जमतं, जेव्हा 'सर्व' कोण हे आपण ठरवतो. आईला कळवायचं ते टपालाने. समोर बसवली की ती प्रश्न विचारते.

धोका एकच, या आयांचा. १९४६ साली जूडी फ्राइड नावाच्या बाईने एका नियतकालिकात पत्र लिहिलं. तिची मुलगीही शाळेला नकोशी झालेली. देशभरातून तशाच आयांची उत्तरं आली, त्यांची संघटना झाली (आजची मेनकॅप), आणि त्या सरकारच्या मागेच लागल्या. १९७० मध्ये कायदा बदलावा लागला. एप्रिल १९७१ पासून 'असमर्थ' मुलंही शिक्षणखात्याच्या गळ्यात पडली.

तरी खचू नका. १९४६ साली परत पाठवलेलं सात वर्षांचं पोर तोवर बत्तिशीला पोचतं. त्याला काही कोणी पहिलीत बसवायला सांगत नाही.