आडातलं पोहऱ्यात

बैठकीच्या पाहुण्यांचे बिल्ले छापून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम तसं पोरासोरांचं. नाव वर ठळक, आडनाव खाली बारीक. पण यादीत काहींचं नाव आधी, काहींचं आडनाव आधी, आणि मधला स्वल्पविराम गायब. बाकीची नावं निस्तरली. एकापाशी गाडं अडलं: नेल्सन गॉर्डन.

दोघेही सेनापती! यातला मुलगा कोण आणि घराणं कोण?

मग मी नको तेवढा अभ्यास केला. नेल्सन हे मुळात आडनाव, अर्थ ‘नीलचा मुलगा’. होरेशियो नेल्सन १८०५ मध्ये ट्रफाल्गरची लढाई जिंकता जिंकता कामी आले आणि त्यांचं आडनाव पाळण्यात जाऊन बसलं. जनरल चार्ल्स गॉर्डन १८८५ मध्ये खार्टूमला मारले गेले, की गॉर्डनही रांगायला लागले. प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचंही तेच. आडातलं पोहऱ्यात येतं म्हणतात, इथे आडनावातलं आलं. बरोबरच आहे म्हणा. जॉर्ज, चार्ल्स, रॉबर्ट पैशाला पासरी. मुलाला नुसतं ‘जॉर्ज’ म्हटलं तर सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन कोणाला आठवणार? म्हणून तर १७८३ मध्ये अर्व्हिंग कुटुंबानं धाकट्याचं नाव थेट वॉशिंग्टन ठेवलं; पुढे तो लेखक झाला. नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतीचं वेलिंग्टन तर आडनावसुद्धा नव्हे, पदवी! सरदारसाहेबांचं आडनाव वेलस्ली. म्हणजे पोराला वेलिंग्टन म्हणणाऱ्यांनी माणूस सोडला आणि नुसता किताब उचलला.

मंडेलांची गोष्ट वेगळी. घरचं नाव रोलिह्लाह्ला. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी ‘आजपासून तू नेल्सन’ करून टाकलं. हेच नाव का, ते मंडेलांनाही नक्की सांगता आलं नाही. मग माझी काय कथा?

एवढं ज्ञान मिळवूनही बिल्ला कोराच. शेवटी दोन छापले. उजव्या खिशात ठळक नेल्सन, डाव्या खिशात ठळक गॉर्डन. विचारायचं आणि योग्य तो काढायचा, पाच सेकंदांचा मामला.

पाहुणे आले. हसतमुख, उंचेपुरे. मी विचारायच्या आतच हात पुढे करून म्हणाले, “गॉर्डन.”

आता हे स्वतःची ओळख नावानं करून देतात की आडनावानं? त्यांचा हात तसाच पुढे, आणि माझे दोन्ही हात दोन खिशांत.