रक्तातच असतं, तर अण्णांची माळ कुणी काढली?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक वाद झाला, तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. माझा मावसभाऊ दादरला तीस वर्षं प्रॅक्टिस करतो. तो ज्या हॉस्पिटलात व्हिजिटला जातो, तिथे नर्स आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं घाटत होतं. विषय होता, रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा कशा ओळखायच्या. दादाने ग्रुपवर लिहिलं, ‘हे आपल्याला शिकवावं लागत नाही, ते आपल्या रक्तातच आहे. ज्यांची चर्च ओस पडलीत त्यांनी शिकावं.’ धडाधड अंगठे आले. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेला भाचा म्हणाला की हॉस्पिटलात देवधर्म आणूच नका, आधी वॉर्डला पुरेशा नर्स द्या. त्याला दोनच अंगठे मिळाले.

मी काही लिहिलं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये सुखात बसून आम्हाला शिकवू नकोस, हे उत्तर मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. पण दादाचं ते ‘रक्तातच आहे’ मला झोपू देत नाही, म्हणून इथे लिहिते.

दोघंही एकाच जागी चुकतात. आध्यात्मिक म्हटलं की दोघांच्या डोळ्यांपुढे देव, पूजा, भटजी येतात. एकाला ते हवे आहेत, दुसऱ्याला नको आहेत. मी इथे वुल्व्हरहॅम्प्टनला नर्सचं काम करते. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत शंभरातल्या सदतीस माणसांनी आपल्याला धर्मच नाही असं सांगितलं. म्हणजे दादा म्हणतो तशी चर्च ओस आहेत, खरं आहे. पण त्या सदतीस माणसांनाही मरायचं असतंच, आणि मरताना त्यांच्या छातीवर काहीतरी बसलेलं असतंच.

माझ्या साइड रूममध्ये एक म्हातारा होता, उभी हयात ओतकामाच्या कारखान्यात गेलेली. धर्माच्या रकान्यात ‘नाही’. चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचा धर्मगुरू, नको म्हणाला. सिरिंज ड्रायव्हरमधला, म्हणजे थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपातला, डोस दोनदा वाढवला तरी रात्रभर टक्क जागा. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला सगळे वेदना, वेदना म्हणत होते. मी लाँग डेला, दिवसभराच्या लांब पाळीला होते, दुपारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, तुमच्या जिवाला लागून राहिलंय असं काय आहे? बराच वेळ गेला. मग म्हणाला, माझी कबुतरं. शर्यतीची बावीस कबुतरं घरामागच्या खुराड्यात होती आणि ती कोण घेणार हे ठरलेलं नव्हतं. मी शेजाऱ्याला फोन लावून दिला. संध्याकाळी शेजारी येऊन त्याच्या हातात हात देऊन गेला. त्या रात्री म्हातारा झोपला, डोस तोच होता.

हे मला कुणी रक्तातून दिलेलं नाही, शिकवलेलं आहे. सिसिली सॉन्डर्स ही बाई आधी नर्स होती, मग रुग्णालयात समाजसेविका झाली, मग डॉक्टर झाली, आणि १९६७ मध्ये तिने लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. तिचं म्हणणं असं की मरणाऱ्या माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, घरादाराची आणि आत्म्याची वेदना तिच्यात कालवलेली असते, आणि एकीवर औषध देऊन बाकीच्या थांबत नाहीत. १९४८ मध्ये वारलेल्या एका पोलिश ज्यू रुग्णाने तिला पाचशे पौंड ठेवले होते, तुमच्या वास्तूत एक खिडकी म्हणून राहीन असं सांगून. हॉस्पिस उभं राहायला त्यानंतर एकोणीस वर्षं लागली, पण त्या खिडकीसकट उभं राहिलं. पुढे १९९० च्या दशकात क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी विचारायच्या प्रश्नांची घडीच बसवून दिली: तुम्हाला बळ कशातून मिळतं, त्याचं तुमच्या आयुष्यात किती वजन आहे, त्यात तुमच्या सोबतीला कोण आहे, आणि आम्ही त्यासाठी काय करावं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर आलं की नर्सला उठून काहीतरी करावं लागतं.

काय करायचं नाही, हेही शिकवावं लागतं. २००८ मध्ये इथल्याच एका नर्सने पेशंटला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असं विचारलं म्हणून तिला निलंबित केलं होतं. पुढच्या वर्षी कामावर परत घेतलं. त्यावर इथे खूप भांडणं झाली. मला दोन्ही बाजू कळतात. विचारणं आणि लादणं यातली रेघ बारीक आहे, ती नुसत्या चांगुलपणाने दिसत नाही.

आता माळ. आमचे अण्णा गिरणी कामगार. लालबागच्या चाळीत गुरुवारी भजन असायचं, टाळ अण्णांच्या हातात. ८२ चा संप झाला, गिरणी गेली, पण गळ्यातली तुळशीची माळ गेली नाही. माळ तुटली तर दुसरी ओवून घालेपर्यंत ते पाण्यालाही शिवत नसत. आई चिडायची, पण दोरा आणून द्यायची.

चार वर्षांपूर्वी त्यांना मध्य मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. दारात गणपतीचं देऊळ, सकाळ-संध्याकाळ आरती. दाखल करताना त्यांच्या गळ्यातली माळ काढली आणि घड्याळ, कवळी, चष्म्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिली. कागदावर त्याची सही घेतली. अण्णांना कुणी विचारलं नाही. दादा, त्या युनिटमधलं प्रत्येक माणूस आपल्याच रक्ताचं होतं. एकीच्या तरी घरी नक्की कुणी माळकरी असेल.

इथे आमच्याकडे ऑपरेशनला निघालेल्या शीख आजोबांच्या कड्याला आम्ही टेप लावतो. आधी विचारतो, काढलं तर चालेल का? नाही म्हणाले की टेप, वर नोंद, आणि ओटीतल्या माणसांना तोंडी सांगणं. सगळ्याला तीन मिनिटं लागतात. भाचा म्हणेल, तुझ्याकडे पाळीला आठ पेशंट, आमच्या सिस्टरकडे चाळीस. बरोबर आहे त्याचं. चाळीस पेशंट सांभाळणाऱ्या मुलीकडून मी खुर्ची ओढून बसायची अपेक्षा करत नाही. पण माळ काढण्याआधी एक प्रश्न विचारता येतो, माळ मनगटाला बांधून वर पट्टी चिकटवता येते. ते सुचण्यासाठी कुणीतरी एकदा वर्गात ते सांगितलेलं असावं लागतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईत स्टाफ नर्स असताना ऑपरेशनच्या आदल्या रात्री प्रिपरेशन मीच करत असे. गंडेदोरे, ताईत, कमरेचा करगोटा, दंडावरचा काळा दोरा, सगळं कात्रीने कापून ट्रेमध्ये टाकायचे. एका कोकणातल्या बाईने माझा हात धरला होता. ‘सिस्टर, पोराच्या नावाचा हाय,’ म्हणाली. मी म्हटलं, नवीन बांधा डिस्चार्जनंतर. कात्री चालवली. माझं रक्त तेव्हाही मराठीच होतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच झालं, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ साली. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास हलका करण्याच्या शास्त्रात, एमडी करता येतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग रीतसर आला आहे. म्हणजे शिकवावं लागतं हे तिथल्या जाणत्यांनी कधीच मान्य केलंय. पण २०२२ मध्ये डॉक्टरांनी शपथ हिपोक्रेटिसची घ्यायची की चरकाची यावर आमच्या ग्रुपवर आठवडाभर रण माजलं होतं. दादा त्यात सगळ्यात पुढे होता. कुठल्याही शपथेनंतर खाटेजवळ जाऊन काय विचारायचं, यावर तेव्हाही कुणी ओळ लिहिली नाही.

दादावर मी इतकी का चिडले, तेही सांगायला हवं. अण्णा पहिले दोन दिवस शुद्धीत होते. मी इथून रोज फोन करत होते आणि रेसिडेंटला विचारत होते, क्रिएटिनिन किती, युरीन किती, प्रेशरची औषधं चालू केली का. तो मुलगा मला मॅडम म्हणत होता, मला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांच्या भेटीतून बाहेर येऊन भावाने फोन केला. ‘ताई, अण्णांचे हात बांधलेत गं. सारखे गळ्याशी नेतात म्हणे. चालतं का असं?’ मी म्हटलं, बरोबर केलंय त्यांनी. गळ्यात सेंट्रल लाइन आहे, मोठ्या शिरेत घातलेली नळी, ओढली तर रक्त थांबणार नाही.

तिसऱ्या दिवशी ट्यूब टाकली. सहाव्या दिवशी अण्णा गेले. मी तेराव्याला पोचले. कपाट आवरताना ती पिशवी निघाली, आणि माळ हातात घेतल्यावर मला कळलं की हात गळ्याशी कशाला जात होते. आयसीयूतल्या सिस्टरला अण्णा माळकरी आहेत हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अनोळखी म्हाताऱ्याच्या कबुतरांपर्यंत पोचणारी मी, माझ्या बापाबद्दल एक प्रश्न विचारू शकले नाही. भावाला अजून सांगितलेलं नाही.

माळ मी बरोबर आणली. गळ्यात घालता येत नाही, कारण मी मासे खाते आणि सोडणार नाही. पासपोर्टाच्या खणात असते.

या फेब्रुवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, माझ्याच हॉस्पिटलात. आदल्या रात्री का कोण जाणे, ती माळ रुमालात गुंडाळून बॅगेत टाकली. सकाळी ॲडमिशन करायला आलेली मुलगी नवी, पंचविशीची. तिने नेमाने सगळं विचारलं आणि मग खुर्ची ओढून बसली. ‘तुमच्या जवळ असावं, आम्ही सांभाळावं, असं काही आहे का?’ मीच शिकवलेल्या शब्दांत विचारत होती. मला मराठीत उत्तर सुचलं, इंग्रजीत सुचेना. माळ म्हणजे काय, ती कुणाची, माझी का नाही, हे सगळं तिला कुठून सांगू? ‘नथिंग,’ मी म्हटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग तसं लिहून घेतलं. बॅग पायाशी होती, तिने ती उचलून लॉकरमध्ये ठेवली.