पोरांना कुणी भडकवलं?

‘पंधरा-सोळाच्या पोरांना राजकारणातलं काय कळतं? मोबाइल बघून बिघडतात, नाहीतर कुणीतरी भडकवतं. मतदानाचं वय होईपर्यंत गुमान अभ्यास करा.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्यातला एकेक दावा घेऊ.

आधी मोबाइल. २ मार्च १९५५ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरीत क्लॉडेट कॉल्व्हिन या मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, तेव्हा ती १५ वर्षांची होती. अशाच नकारामुळे पुढे जगभर गाजलेल्या रोझा पार्क्स यांच्या आधी नऊ महिने! शाळेत नुकताच कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवून झाला होता, तो डोक्यात घोळत होता. पुढे बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्या खटल्याच्या चार वादींपैकी ती एक. म्हणजे अभ्यास तिने केलाच होता.

‘कुणीतरी भडकवतं’ हा दावा जास्त लोकप्रिय, म्हणून त्यावर जरा थांबतो. २००६ साली चिलीत माध्यमिक शाळांची मुलं रस्त्यावर आली. गणवेशावरून लोक त्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. सुरुवातीच्या मागण्या काय होत्या? बसचा पास आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची फी. रोज खिशाला बसणारा चिमटा, बाकी काही नाही. पण आपली शाळा अशी आणि पलीकडची तशी का, हे विचारता विचारता मुलं शिक्षणाच्या मूळ कायद्यापर्यंत पोचली. हुकूमशहा पिनोशे यांनी तो सत्तेच्या अखेरच्या दिवशी, १० मार्च १९९० रोजी, जारी केला होता. आंदोलक मुलांपैकी कित्येक त्याच सुमाराला जन्मलेली! २००९ मध्ये तो कायदा बदलला. नवा कायदाही पुष्कळांना अपुरा वाटला, हेही खरं. तरी बसच्या पासापासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास मला नमुनेदार वाटतो. बहुतेक मुलं राजकारणात अशीच शिरतात, पायात रुतलेल्या काट्यामागून.

मुलं घरचीच मतं पोपटासारखी बोलतात, असंही त्याच मजकुरात पुढे आहे. घरचा प्रभाव असतोच, पण तो उलटाही वाहतो. अमेरिकेत ‘किड्स व्होटिंग’ नावाचा शालेय उपक्रम चालतो. त्याच्या अभ्यासांत दिसलं की मुलं निवडणुकीचा विषय घरी काढतात आणि त्यामुळे आईवडीलही बातम्यांकडे जास्त लक्ष देऊ लागतात.

मतदानाच्या वयाचं थोडक्यात. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ केलं. तिथल्या मतदार याद्यांच्या अभ्यासात १६-१७ वर्षांच्या मुलांचं मतदान १८ ते २० वयाच्या नवमतदारांपेक्षा जास्त निघालं. कारण पटण्यासारखं आहे: ती अजून घरी आणि शाळेत असतात, विषय कानावर पडत राहतो.

एक मुद्दा मात्र मान्य. मानसशास्त्र सांगतं की शांतपणे विचार करण्याची कुवत साधारण १६व्या वर्षापर्यंत मोठ्यांच्या बरोबरीला येते, पण रागाच्या भरात किंवा मित्रांसमोर स्वतःला आवरणं पक्कं व्हायला विशी उजाडते. त्यामुळे भडक व्हिडिओखाली रंगणाऱ्या भांडणांची काळजी रास्त आहे. फक्त तिथे पन्नाशीतले काकाही काही कमी तापत नाहीत. वरचा मजकूर मला अशाच एका काकांनी पाठवला, सकाळपासून तीनदा.