उपग्रहातून नेमकं काय दिसतं?

"आकाशातून आपला चेहरा ओळखता येतो" हे उपग्रहचित्रांबद्दल नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. २०१४ साली सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ या खासगी उपग्रहाचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, जमिनीवर सुमारे ३१ सेंटिमीटरचा. त्यात माणसाचं डोकं म्हणजे जेमतेम ठिपका. गच्चीवर चढवलेली खोली, अंगणातली गाडी मात्र दिसते. ही चित्रं कोण विकत घेतं हे घरमालकाला कळतच नाही, आणि त्यावर लेखात अवाक्षर नाही!

आम्ही बडोद्याचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून मी नदीकाठाची जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी लावून बघते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण १० मीटरच्या पिक्सेलमध्ये कोतरात, म्हणजे नदीकाठच्या घळीत, टाकलेला भराव नीट कळत नाही. निदान नदीकाठाची बारीक चित्रं तरी महापालिकेनं विकत घेऊन सगळ्यांना खुली करावीत.