लिथियमच्या गोळ्या चालू असताना मीठ सोडू नका

‘लिथियम हा नैसर्गिक क्षार आहे. शरीरात तो कमी पडला की मूड बिघडतो, भरून निघाला की गोळ्या थांबवायच्या. रक्त तपासत बसायची गरज नाही. किडनी जपायला फक्त मीठ सोडा.’ बायपोलर आजारावर, म्हणजे मूड उन्माद आणि नैराश्य अशा टोकांना जाणाऱ्या मानसिक आजारावर, दिल्या जाणाऱ्या लिथियमबद्दल हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातला शेवटचा सल्ला जीवघेणा आहे.

किडनी लिथियम आणि सोडियम यांना बऱ्याच अंशी सारखंच वागवते. मीठ कमी झालं की ती सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. उलट्या, जुलाब, भरपूर घाम यांनीही हेच होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड, यांचाही परिणाम तोच. म्हणून मीठ आणि पाणी रोज साधारण सारखं ठेवा. एकदम वाढवलेलं मीठही चालत नाही, त्याने पातळी उतरते. अंगदुखीला सहसा पॅरासिटॅमॉल चालतं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक? अमेरिकेत १९४० च्या दशकात लिथियम क्लोराइड मिठाऐवजी विकलं जात होतं, तेही मीठ बंद असलेल्या हृदयरुग्णांना. माणसं दगावली आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं.

बायपोलर आजार लिथियमच्या कमतरतेने होतो, याला पुरावा नाही.

तपासणी टाळता येत नाही, कारण उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडं आहे. पातळी सहसा लिटरला ०.६ ते १ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. आधी घेतली तर आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होतो. लिथियम हेपरिनच्या (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या, लिथियम असलेल्या रसायनाच्या) नळीत रक्त घेतलं तरी आकडा खोटाच येतो. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा तपासणी. क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम यांची तपासणी साधारण दर ६ महिन्यांनी.

दीर्घकाळात काहींच्या किडनीवर परिणाम होतो, हे खरं आहे. तो लवकर कळतो याच तपासण्यांतून.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या एकदम थांबवल्या तर उन्माद उसळून येण्याचा धोका मोठा असतो. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन हळूहळू.

हात जोरात थरथरणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, सोबत उलट्या-जुलाब किंवा गुंगी दिसली तर पुढची गोळी देऊ नका आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्या.